आकड्यापुढचं टिंब

शाळेच्या फाटकाशी एक बाई लेकीच्या गुणवहीवर बोट आपटत म्हणाली, "पुन्हा दोन? अगं, तीन तरी आणायचे होतेस, निदान पास झालीस म्हणून घरी सांगता आलं असतं," आणि बेर्मेत तिथेच उभी राहिली. हातात दोन गरम नान, पिशवीत साय, पायाशी पाटाचं गढूळ पाणी खळखळत चाललेलं. एप्रिलातली दुपार होती, दक्षिणेला डोंगर धुऊन ठेवल्यासारखे पांढरे दिसत होते, आणि बिश्केकमधली सगळी शाळकरी पोरं एकदम सुटल्यासारखी तिच्या दोन्ही अंगांनी वाहत होती. ती मुलगी मान खाली घालून बुटाचं टोक फरशीवर घासत होती. रडत नव्हती. तिला सवय असावी. बाई पुन्हा म्हणाली, "दोन," आणि तो आकडा बेर्मेतच्या छातीत कुठेतरी खाली जाऊन बसला. सहा महिने हाच आकडा ती उशाशी घेऊन झोपत होती. सहा महिने तिने त्याला शिव्या घातल्या होत्या. आणि त्याचा अर्थ तिला आज, एका परक्या बाईच्या तोंडून कळावा? चाळीस वर्षांपूर्वी अशाच फाटकातून तीही बाहेर पडायची. पाच म्हणजे उत्तम, चार बरे, तीन काठावर, दोन म्हणजे नापास. एक कुणी देतच नसे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दात येतात तसं ते आलं होतं. आणि आलेलं असूनही ती विसरली. कशी विसरली?

भिंतीला टेकून ती उभी राहिली. एका म्हाताऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, वाटतंय. तिला आठवला तो फॉर्म. दरवर्षी युरोपातल्या एका संस्थेकडून तो जगभरच्या नऊशे जाणकारांना जातो आणि विचारतो की बाबांनो, तुम्हाला कशाची किती भीती वाटते. महायुद्ध, साथी, दुष्काळ, बिथरलेली यंत्रं, सगळं असतं त्यात, आणि मागच्या पानांवर ज्याच्या त्याच्या मुलखातली दुखणी. मध्य आशियाच्या पानावर डोंगरातली तळी होती, आणि त्यात सातव्या ओळीत बोझ-तोर. बोझ-तोरच्या खाली नऊ किलोमीटरवर उच-बुलाक, आणि उच-बुलाकमध्ये नदीकडेच्या शेवटच्या घरात बेर्मेतची ताय-एजे, आईची थोरली बहीण, जिने तिला सहाव्या वर्षापासून वाढवलं. प्रत्येक ओळीपुढे एकपासून पाचपर्यंत आकडा द्यायचा. पाच म्हणजे सर्वांत वाईट. इंग्रजी फॉर्मवर तसं स्वच्छ लिहिलं होतं आणि बेर्मेतने इंग्रजीच फॉर्म भरला होता. जुन्या लोकांसाठी रशियन फॉर्म होता. त्यात पाच म्हणजे काय ते लिहिलेलं नव्हतं, शब्द होता फक्त ओत्सेन्का. प्रत्येक तळ्याला ओत्सेन्का द्या. या शब्दाचा अर्थ अंदाज असाही होतो, मोजमाप असाही होतो, आणि ज्याने आयुष्यात कधी शाळा पाहिली आहे त्याच्या लेखी त्याचा पहिला अर्थ एकच, गुण. बोझ-तोरला गुण द्या. तुर्दुकुल आगायनी, तिच्या जुन्या गुरुजींनी, दिले. नापास केलं.

पहिल्या फेरीत तिने पाच दिले होते, डोळे मिटून. त्या तळ्याचा बांध तिने आणि आगायनी मिळून खणला होता. ती तेव्हा बावीस वर्षांची, आगायची विद्यार्थिनी, गटात एकटी मुलगी. बांध म्हणजे हिमनदीने पुढे लोटून ठेवलेला दगडमातीचा ढीग, दिसायला किल्ल्यासारखा पक्का. दोन हात खाली कुदळ गेली आणि खण्णकन वाजली, आगायनी हाताने माती सारली, खाली काळं बर्फ. ते उकिडवे बसून बराच वेळ त्या बर्फाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा बांध नाही, पोरी. हे बर्फाच्या अंगावरचं पांघरूण आहे. एखाद्या उन्हाळ्यात ते उठून चालू लागेल." मग तंबूत चहा. आगायच्या तंबूत चहा ओतायचं काम विद्यार्थ्यांना नसे, किटली त्यांच्याच हातात असे, आणि ते पियाल्यात दोन घोट ओतायचे, फार तर तीन. पाहुण्याला दोन घोट द्यायचे म्हणजे तो पियाला पुन्हा पुढे करतो, पुन्हा द्यायचे, पुन्हा करतो, आणि बसणं लांबत जातं. काठोकाठ भरून दिला की समजायचं, निघा आता. तिच्या लहानपणी एकदा ताय-एजेने कर वसूल करायला आलेल्या माणसाला पहिलाच पियाला काठोकाठ भरून दिला होता आणि सगळं गाव महिनाभर हसलं होतं. आगायकडे पंचवीस वर्षांत बेर्मेतला दोन घोटांच्या वर चहा कधी मिळाला नाही. बोटं गारठलेली, बाहेर बर्फाचा आवाज, आणि ती सारखा पियाला पुढे करायची.

ऑक्टोबरात दुसऱ्या फेरीचा कागद आला. ही त्या लोकांची पद्धतच आहे. पहिल्या फेरीत सगळ्यांनी काय दिलं ते नावं झाकून सगळ्यांना दाखवायचं, आणि विचारायचं, आता तुमचा आकडा बदलायचा आहे का. मुलखात एकोणीस जाणकार होते. एकोणीस जणांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि दहाव्याचं ऐकायचं, असा तो हिशेब. बोझ-तोरचा दहावा माणूस म्हणत होता, दोन. ज्यांचा आकडा मधल्या घोळक्यापासून लांब असेल त्यांनी तो तसाच ठेवायचा तर दोन पानं कारणं लिहून द्यावीत, शुक्रवारपर्यंत. खाली निनावी शेरे होते. त्यातला चौथा शेरा असा: "2. यावर अधिक काय लिहायचं. तीस वर्षं लिहितो आहे." दोनापुढे टिंब. आकड्यापुढे टिंब देणारा माणूस अख्ख्या किर्गिझस्तानात एकच होता. तिच्या प्रबंधाच्या प्रत्येक पानावर ती टिंबं होती. पेन कागदावर टेकवून, दाबून दिलेलं टिंब, म्हणजे या आकड्यावर आता चर्चा नाही. ते पाहून आधी तिला हसू आलं. मग आकडा दिसला.

काय काय नाही आलं तिच्या मनात. सप्टेंबरात ती ताय-एजेकडे गेली होती तेव्हा घळीच्या तोंडाशी नदीच्या अगदी काठावर नवी पाटी दिसली होती, विश्रामगृह, सोळा खोल्या, उन्हाळ्यात सुरू. कुणाचं म्हणून विचारलं तर कळलं आगायच्या जावयाचं. तेव्हा तिने मनावर घेतलं नव्हतं. ऑक्टोबरात घेतलं. वर बोझ-तोर धोक्याचं म्हणून जाहीर झालं तर सोळा खोल्यांत कोण झोपायला येणार? तर असं आहे, ती स्वतःशी म्हणाली. म्हातारपणी लेकीचा संसार. माणूस तीस वर्षं एका तळ्यासाठी ओरडतो आणि एकतिसाव्या वर्षी जावई पाटी लावतो. बाप लवकर गेलेल्या मुलीने ज्याला बाप म्हणून धरलं त्याने असं करावं, हे तिला आवरेना. तिने फोन उचलला नाही, उचलावासा वाटला नाही. मार्चात नवरोजला आगायचा निरोप आला तेव्हाही "तुम्हालाही शुभेच्छा" एवढंच लिहिलं. आणि त्या शुक्रवारी, दोन पानं कारणं लिहायला बसून, एक ओळ लिहून, ती खोडून, तिने पाचाचे तीन केले. का केले? रागाने म्हणावं तर रागाने माणूस पाचावर अडून बसतो. तिने स्वतःला सांगितलं की एवढे सगळे दोन म्हणतात, आपलंच चुकत असेल, घर त्या गावात म्हणून आपल्याला भीती जास्त. हे सगळं बोलायला शहाण्यासारखं होतं. खरं कारण फार साधं होतं आणि ते तिला तेव्हाही माहीत होतं. कंटाळा आला होता. एकटं पडायचा कंटाळा. मधे जाऊन उभं राहिलं की कुणी कारण विचारत नाही.

पाटाच्या कडेच्या बाकावर बसून तिने चिनाराला फोन लावला. चिनारा तिची वर्गमैत्रीण, वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत काढलेली. त्या संस्थेचं इथलं काम चिनारा पाहते, रशियन भाषांतरही तिचंच.

"चिनारा, ओत्सेन्का," बेर्मेत म्हणाली. एवढंच.

पलीकडे टायपिंगचा आवाज चालू होता. तो थांबला. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अगं, हळू बोल. आकडे गोळा करायला बसले तेव्हाच कळलं. बारा म्हाताऱ्यांनी फॉर्म रशियन भरला आणि बाराही जणांचे दोन. इंग्रजी भरणारे तुम्ही सात, तुमचे चार नि पाच. मला काय दिसत नाही का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? भाषांतर माझं. त्यांनी सबंध मुलूखच गाळला असता त्या पुस्तकातून. पाच वर्षं खेटे घातलेत मी, आपला देश एका पानावर यावा म्हणून. म्हटलं पुढच्या वर्षी शब्द बदलू. धोका म्हणू, तीव्रता म्हणू."

"पुढच्या वर्षी. मधे उन्हाळा येतो, चिनारा."

"दर वर्षी येतो की. तीस वर्षं आलाय, फुटलं का तळं?" आणि मग, बराच वेळ दाबून धरलेलं एकदम सुटावं तसं, "आणि मला काय बोलतेस गं? तुझं माप तुला माहीत होतं. इंग्रजी वाचतेस. तू का बदललास आकडा? मी वाट पाहत होते, खरं सांगते, वाटलं होतं बेर्मेत दोन पानं लिहून पाठवेल, मग मला ते वर दाखवता येईल, म्हणता येईल की बघा इथे काहीतरी घोळ आहे. तू पाठवलेस तीन. तुझ्यासारखेच बाकीचे सहाही सरकले. मी का गप्प बसले म्हणतेस, तुझा हात कुणी धरला होता?"

बेर्मेतने फोन ठेवला. वसतिगृहातल्या खोलीत एकच जाड रजई होती आणि थंडीत चिनारा ती नेहमी तिच्या अंगावर सरकवून द्यायची. सकाळी उठून पाहावं तर चिनारा कोट घालून झोपलेली. ते खरं होतं, आणि हेही. रागावण्यासारखं होतं आणि राग येत होता, पण तो राग थोडं अंतर जाऊन पुन्हा तिच्याकडेच परत येत होता. नान गार झाले. संस्थेच्या छापील अहवालात बोझ-तोर एकोणीस तळ्यांपैकी सतरावं होतं. पहिल्या पाचांना पुराच्या इशाऱ्याचे भोंगे मिळणार होते, तळ्यातलं पाणी उतरवायला नळ मिळणार होते, जूनच्या आत. सतराव्याला काय, छापलेलं नाव. ती उठली आणि आगायच्या घराकडे चालू लागली. जाताना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट मनात येत होती, की त्यांनी दगा दिला नाही, दिला नाही, आणि ती सुटल्यासारखी भराभर चालत होती. पोरीसारखी. सहा महिन्यांनी.

तुर्दुकुल आगाय तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती. दार उघडून त्यांनी तिला पाहिलं आणि मागे वळून स्वयंपाकघरात जात म्हणाले, "ये. आठवण झाली तर. नान आणलेस? बरं केलंस, कालचा दगड झालाय." एकही तक्रार नाही. किटली ठेवली, टेबलावरचे नकाशे बाजूला सारले, पियाले पुसले. पियाल्यात दोन घोट ओतून त्यांनी तिच्यापुढे ठेवले आणि बेर्मेतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला ठाऊक होतं तू येशील," ते म्हणाले. चेहरा उजळला होता, पंचवीस वर्षांपूर्वी काळं बर्फ सापडलं तेव्हा होता तसा. "निकालाचं पत्र आलं मला. दोन. म्हणजे सगळ्यांनी तेच दिलं, बघ. तीस वर्षांनी का होईना, एकजात सगळ्यांनी नापास केलं त्याला. तुझ्या ताय-एजेला मीच फोन केला. म्हटलं, दोन आले, आता बाहेरचे लोक येणार, भोंगे बसवणार. ती बाई काय स्वस्थ बसते? गावाला कामाला लावलंय. रस्त्याच्या कडेने चौदा खड्डे खणून ठेवलेत भोंग्यांच्या खांबांसाठी. पाहुण्यांसाठी एक मेंढी राखून ठेवलीय म्हणे, लोकर कातरू देत नाही कुणाला. आणि जावयालाही सांगितलं. शिव्या घातल्या त्याने, पण सोळा खोल्यांचं काम बंद केलं. पाटी काढली."

तिने पियाला पुढे केला. त्यांनी पुन्हा दोन घोट ओतले.

चौदा खड्डे. त्या रस्त्याचं प्रत्येक वळण तिला माहीत होतं. गावात कुणाला तो आकडा समजावून द्यावा लागला नसणार, दोन म्हटल्याबरोबर म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळलं असणार, आणि त्यांनी फावडी उचलली असणार. अख्ख्या जगात फक्त उच-बुलाकमध्ये तो आकडा उलटा, म्हणजे आगायच्या मनातल्या अर्थाने, वाचला गेला. आता हे सांगायला हवं होतं, आणि तिने सांगितलं. शब्द सांगितला, माप सांगितलं, सतरावा नंबर सांगितला. आगाय ऐकत राहिले. किटलीवरचा त्यांचा हात तसाच राहिला. चटका बसत असणार, पण काढला नाही.

"म्हणजे मी पास केलं त्याला," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही नाही, आगाय. चूक शब्दाची होती. बारा जणांची झाली. चिनाराला माहीत होतं, ती गप्प बसली."

"दोन घोट राहिलेत, पी," ते उगाच म्हणाले. खिडकीतून डोंगर दिसत होते, ऊन उतरल्यावर किंचित गुलाबी. म्हातारा एकदम फार लहान दिसू लागला. तिला वाटलं उठून त्यांचे खांदे धरावेत. त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटावी असं, तिला हलकं वाटत होतं. शब्दाची चूक. बारा जणांची चूक. यात आपण सतराव्या ओळीसारखे कुठेतरी खाली आहोत.

"पण तू इंग्रजी वाचतेस," आगाय म्हणाले. स्वतःशीच, धीर शोधत. "तुला बरोबर माप ठाऊक होतं. म्हणजे एक तरी पाच आहे त्यात. त्या पाचाच्या जोरावर लिहिता येईल आपल्याला. म्हणता येईल की जिने बांध खणला तिने पाच दिले आणि ज्याने खणला त्याने नापास केलं, म्हणजे दोघं एकच बोलतायत. पाच दिलेस ना?"

"आधी पाच दिले होते."

"आधी?"

"मग तीन केले."

ते तिच्याकडे पाहत राहिले. परीक्षेचे पेपर तपासताना पाहायचे तसे. त्यांच्या मनात आकडा फिरतोय हे तिला दिसत होतं, आणि तो कुठे जाऊन थांबणार तेही, कारण तो तिने वाटेत येताना हजारदा फिरवून पाहिला होता. पाच उलटे धरले की एक होतात, दोन उलटे धरले की चार. बारा म्हाताऱ्यांचे आकडे उलटून घेतले की ते खरे निघतात, त्यांची लाज राहते. तीन उलटे धरले तरी तीनच. शाळेच्या मापाने काठावर पास, त्या लोकांच्या मापाने बरंचसं ठीक. त्याला कुठल्याही बाजूने शब्दाची चूक लावता येत नव्हती.

"का?" आगायनी विचारलं.

"तुमचा दोन पाहिला."

"नावं झाकली होती."

"टिंब होतं."

"अस्सं." त्यांनी बाजूचे नकाशे पुढे ओढून घेतले. "ओळखलंस म्हणजे मला. ओळखलंस आणि विचारलं नाहीस. इथून तुझं घर तीन थांब्यांवर आहे, बेर्मेत. मला वाटलं ती आजारी आहे. मग वाटलं काम असेल. नवरोजला तुझी एक ओळ आली ती मी चार वेळा वाचली." मग, अगदी हळू आवाजात, "काय वाटलं तुला? माझा दोन पाहून?"

खोटं बोलता आलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं त्यासाठी. पण समोर नकाशे होते, त्यांच्या कडेला तिच्याच बावीस वर्षांच्या अक्षरातली मापं होती, प्रत्येक मापापुढे एक टिंब, कारण तेव्हा ती त्यांचं सगळंच उचलायची. "जावयाचं विश्रामगृह," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. आगायनी मान हलवली, जणू एखादं मोजमाप बरोबर आल्याचं मान्य केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"उद्या पत्र लिहू," ते म्हणाले. "माझं नाव घाल, कसं चुकलं ते मी सांगेन. म्हाताऱ्याला अक्कल नव्हती म्हणून लिही. तुझंही लिही, तुझं तू सांग. टपालाने पाठव, माझ्याकडे सहीला आणू नकोस, मी वेगळं पाठवीन. ताय-एजेला मात्र तूच फोन कर. चौदा खड्डे बुजवा म्हणून मी सांगणार नाही."

"आगाय..."

"पियाला दे."

तिने दिला. दोन्ही हातांनी, तंबूत द्यायची तसाच. त्यांनी किटली उचलली आणि ओतू लागले. दोन घोट झाले. तीन झाले. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, ते पियाल्याकडे. एक थेंब बाहेर जाऊ न देता, सावकाश, त्यांनी तो काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे ठेवला.